नव्या शहरात खायला कुठे जायचं? रेटिंगची यादी जरा बाजूला ठेवून हॉटेलं शोधायची पद्धत

नोकरी, शिक्षण, बदली, कशासाठीही नव्या शहरात आलात की पहिल्या आठवड्यात हे होतंच. भूक लागते, फोन निघतो, मॅपवर जवळची हॉटेलं शोधली जातात आणि वरचं पहिलं नाहीतर दुसरं नाव दिसेल तिकडे पाय वळतात. पोटात कावळे ओरडत असताना एवढं चालायचंच. पण हेच दोन-तीन महिने चालू राहिलं की शहरात आलेला प्रत्येक नवा माणूस जिथे जेवतो त्याच दहा-बारा ठिकाणी आपणही जेवत राहतो आणि वर म्हणतो की ह्या गावात खायला काही विशेष नाही. मला हे ऐकलं की मनापासून वाईट वाटतं, कारण त्या माणसाने शहर बघितलेलंच नसतं, त्याने फक्त एक यादी बघितलेली असते.

माझं म्हणणं अगदी थोडक्यात सांगायचं तर रोजचं गिऱ्हाईक रिव्ह्यू लिहीत नाही. जो माणूस आठवड्यात चार वेळा एकाच ठिकाणी जेवतो तो स्टार द्यायला बसत नाही, हात धुतो, बिल देतो आणि कामाला जातो. रिव्ह्यू लिहितो तो बहुतेक वेळा पहिल्यांदा आलेला, खूप खूश झालेला किंवा खूप चिडलेला, नाहीतर ज्याला कोणी लिहायला सांगितलंय असा. म्हणजे यादीत एकदा येऊन गेलेल्यांचा आवाज मोठा असतो, आणि आपल्याला नव्या शहरात राहायचं असतं, त्यामुळे आपल्याला हवी असतात परत परत येणाऱ्यांची ठिकाणं. ती कशी शोधायची हे पुढे पायरीपायरीने लिहितोय, क्रम सोयीचा आहे पण पुढेमागे केलंत तरी चालेल.

पायरी १: यादी कशी बनते ते आधी समजून घ्या

बऱ्याच जणांना वाटतं की मॅपवर वर दिसणारं हॉटेल म्हणजे सगळ्यात चांगलं हॉटेल. तसं नसतं. गूगलने स्वतःच सांगितलंय की जवळपासची ठिकाणं दाखवताना ते मुख्यतः तीन गोष्टी बघतात, तुम्ही जे शोधलंय त्याच्याशी ते ठिकाण किती जुळतं, ते तुमच्यापासून किती लांब आहे आणि ते किती नावाजलेलं आहे. रिव्ह्यूंची संख्या आणि रेटिंग हे त्या तिसऱ्या गोष्टीत येतं, म्हणजे एका मोठ्या हिशोबातला तो एक भाग झाला. म्हणून तर तोच शोध दोन चौक पुढे जाऊन केला की यादी बदलते, चव काही दोन चौकात बदललेली नसते. त्यात काही अ‍ॅपवर पैसे भरून वर आलेली नावंही असतात, नावाजवळ बारीक अक्षरात 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं आणि ते आपण स्क्रोल करताना वाचत नाही. घरपोच डिलिव्हरीच्या अ‍ॅपवर तर पोचायला किती वेळ लागेल, तुम्ही आधी काय मागवलंय, कुठली ऑफर चालू आहे, असल्या गोष्टीही मध्ये येऊ शकतात.

आता ह्यावर उपाय काय? लगेच करता येतील असे दोन आहेत. एक म्हणजे मॅप बोटांनी मोठा करत करत अगदी गल्लीच्या पातळीपर्यंत जा, कारण लांबून बघताना फक्त नावाजलेल्या ठिकाणांची नावं दिसतात आणि जवळ गेलं की आधी न दिसलेली छोटी छोटी नावं उगवायला लागतात. दुसरं म्हणजे अ‍ॅपमध्ये क्रम कशावर लावलाय ते बघा. बऱ्याचदा तो आपोआप 'शिफारस' किंवा 'सुसंगत' अशा कशावर तरी असतो, तो बदलून अंतरावर लावा, मग बघा किती नवीन नावं वर येतात. रेटिंगचा फिल्टर लावायची सवय असेल तर तो काही दिवस काढून टाका. चारच्या वरचीच दाखव असं म्हटलं की चारच्या खालचं काहीच कधी दिसणार नाही, आणि तिथेही जेवणारी माणसं असतात की.

पायरी २: आकडा वाचायला शिका

रेटिंग म्हणजे सरासरी, आणि सरासरी फार गोष्टी लपवते. समजा दोन हॉटेलं आहेत आणि दोघांचं रेटिंग बरोब्बर ४.०. एका ठिकाणी सगळ्यांनी चार-चार स्टार दिलेत. दुसऱ्या ठिकाणी चारातल्या तिघांनी पाच दिलेत आणि चौथ्याने एक. सरासरी दोन्हीकडे तीच! पहिल्या ठिकाणी तुम्हाला रोज ठीकठाक जेवण मिळेल, दुसऱ्या ठिकाणी चारातून एकदा तुम्ही वैतागून बाहेर पडाल किंवा तिथे असं काहीतरी असेल जे काही लोकांना अजिबात चालत नाही आणि बाकीच्यांना भयंकर आवडतं. म्हणून आकड्याच्या शेजारी ज्या आडव्या पट्ट्या असतात, पाच स्टार किती, चार किती, एक किती, त्या आधी बघा.

मग संख्या बघा. दहा जणांनी पाच-पाच स्टार दिलेल्या नव्या हॉटेलला एकाने एक स्टार दिला की रेटिंग ५ वरून साधारण ४.६ वर येतं. तेच हजार रिव्ह्यू आणि ४.५ रेटिंग असलेल्या ठिकाणी एक-स्टारवाल्याने काहीही केलं तरी आकडा जागचा हलत नाही. म्हणून कमी रिव्ह्यू असलेल्या ठिकाणचं ४.९ आणि ४.२ ह्यात मी काहीच फरक मानत नाही, दोन्हीचा अर्थ एकच, अजून कळायचंय. आणि ४.३ विरुद्ध ४.४ ह्यावर मित्रांशी वाद घालणं तर रिव्ह्यू कितीही असले तरी सोडून द्या.

आकड्याचं वजन किती असतं हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लूका ह्यांनी २०११ मध्ये सिअ‍ॅटल शहरातल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला, येल्प ह्या रिव्ह्यूंच्या साइटवरचं रेटिंग आणि प्रत्यक्षातली कमाई असं दोन्ही जुळवून. येल्प तेव्हा सरासरी जवळच्या अर्ध्या स्टारला नेऊन दाखवायचं, म्हणजे ३.२४ असेल तर तीन स्टार दिसायचे आणि ३.२६ असेल तर साडेतीन. आता ३.२४ आणि ३.२६ मध्ये जेवणाचा फरक तो काय असणार, पण दिसणारा स्टार बदलायचा, आणि त्यामुळेच नुसत्या दिसण्याचा परिणाम वेगळा मोजता आला. निष्कर्ष असा निघाला की एक पूर्ण स्टार वाढला की कमाई ५ ते ९ टक्के वाढते, आणि हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांवर होतो, मोठ्या साखळीवाल्यांवर जवळपास नाही, कारण त्यांचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. पुढच्याच वर्षी म्हणजे २०१२ मध्ये अँडरसन आणि मॅग्रूडर ह्या दोन अर्थतज्ज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोमधली टेबल बुकिंगची माहिती तपासली, तिथे अर्धा स्टार जास्त दिसला की संध्याकाळच्या गर्दीच्या वेळची टेबलं दर शंभर वेळांमागे १९ वेळा जास्त भरून गेलेली दिसली. हे एकदा कळलं की पुढचा प्रश्न आपोआप पडतो, की ज्या आकड्यावर एवढं अवलंबून आहे तो आकडा लोक नुसता सोडून देतील का?

पायरी ३: आकडा कोण कसा वाकवतं ते माहीत करून घ्या

२०१७ मधली गोष्ट आहे. लंडनमध्ये उबाह बटलर नावाच्या लेखकाने, जो आधी पैसे घेऊन हॉटेलांचे खोटे रिव्ह्यू लिहून द्यायचा, स्वतः राहत होता त्या शेडला 'द शेड अ‍ॅट डलिच' असं नाव देऊन ट्रिपअ‍ॅडव्हायझर ह्या रिव्ह्यूंच्या साइटवर रेस्टॉरंट म्हणून नोंदवलं. रेस्टॉरंट नव्हतंच. फोटोतले पदार्थ शेव्हिंग फोम वगैरे वापरून बनवलेले. फक्त आधी अपॉइंटमेंट घेऊनच या असं लिहिलेलं आणि फोन केला की जागा नाही म्हणून सांगायचं. ओळखीच्यांनी खोटे रिव्ह्यू लिहिले आणि काही महिन्यांत ते अस्तित्वात नसलेलं ठिकाण लंडनच्या १८ हजारांहून जास्त रेस्टॉरंटांमध्ये पहिल्या नंबरवर गेलं! मला ह्यात खोट्या रिव्ह्यूंपेक्षा महत्त्वाचं हे वाटतं की जागा मिळत नाही म्हटल्यावर लोक अजून मागे लागले. नंबर दिसला की आपण चव तपासायच्या आधीच मान्य करून बसतो.

उलट दिशेचंही उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमधल्या बोट्टो बिस्ट्रो ह्या छोट्या रेस्टॉरंटने २०१४ मध्ये येल्पवर रागावून जाहीर केलं की जो आम्हाला एक स्टार देईल त्याला बिलात सूट. मग काय, एक स्टारचे ढीगभर रिव्ह्यू आले आणि त्यात लोकांनी मजेमजेत कौतुकच केलेलं. नुसता आकडा बघणाऱ्याला ते शहरातलं सगळ्यात वाईट ठिकाण वाटलं असतं.

आणि खोटेपणा अजिबात नसला तरी आकडा घसरतो किंवा फुगतो. सायन्स ह्या नियतकालिकात २०१३ मध्ये मुचनिक, अरल आणि टेलर ह्यांचा एक प्रयोग छापून आला, तो हॉटेलांवर नव्हता, बातम्यांच्या एका साइटवरच्या कमेंटांवर होता. काही कमेंटांना टाकल्या टाकल्या कुठलंही कारण नसताना एक पसंती देऊन ठेवली. पुढच्या पहिल्याच वाचकाने पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटी त्या कमेंटांचा गुण सरासरी २५ टक्के जास्त निघाला. म्हणजे आधीच्या माणसाने काय म्हटलंय ते बघून आपलं मत बनतं. ४.८ बघून आत शिरलेला माणूस जेवण चांगलंच असणार असं धरून बसतो, ३.६ बघून शिरलेला खोट शोधत बसतो, आणि दोघेही नंतर स्टार देतात.

कायदे आता येतायत. अमेरिकेत २०२४ मध्ये खोटे रिव्ह्यू विकण्या-विकत घेण्यावर बंदीचा नियम आला, भारतात बीआयएसने म्हणजे भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. चांगलं आहे, पण आज रात्री कुठे जेवायचं हे ठरवताना तुमचं डोकंच वापरावं लागणार.

पायरी ४: रिव्ह्यू वाचा, स्टार नको

रिव्ह्यू टाकाऊ असतात असं माझं अजिबात म्हणणं नाही, उलट नीट वाचले तर खूप माहिती असते त्यात, फक्त ती आकड्यात नसते.

आधी क्रम बदलून सगळ्यात नवीन रिव्ह्यू वर आणा. हॉटेल बदलत असतं, स्वयंपाकी जातो, मालक बदलतो, जागा बदलते, आणि रेटिंगमध्ये मात्र चार वर्षांपूर्वीचे स्टार अजून बसलेले असतात. मागच्या दोन-तीन महिन्यांचं वाचलं की पुरे. मग तीन स्टारवाले रिव्ह्यू शोधा. मला हे सगळ्यात कामाचे वाटतात कारण तीन देणारा माणूस बहुतेक विचार करून लिहितो, हे आवडलं, ते नाही आवडलं, अमुक वेळी गेलो तर वाट बघावी लागली असं काहीतरी ठोस सांगतो. पाचवाला 'मस्त' म्हणतो, एकवाला 'जाऊच नका' म्हणतो, दोघांकडून हाताला काही लागत नाही.

एक स्टारवाले वाचताना तक्रार कशाबद्दल आहे ते वेगळं काढा. पार्किंग नव्हतं, पार्सल घेऊन येणारा उशिरा आला, बसायला जागा छोटी होती, कार्ड घेतलं नाही. ह्यातलं किती तुम्हाला लागू आहे? तुम्ही चालत जाणार असाल तर पार्किंगच्या तक्रारी रेटिंगमधून मनातल्या मनात वजा करा. पण जेवून पोट बिघडलं, शिळं वाटलं, बिलात न मागवलेलं लावलं, अशा तक्रारी वेगवेगळ्या माणसांकडून वेगवेगळ्या महिन्यांत येत असतील तर मात्र गंभीरपणे घ्या. तक्रारीवर हॉटेलवाल्याने दिलेलं उत्तरही वाचा. सगळ्यांना एकच छापील माफी चिकटवलेली असेल तर त्यातून काही कळत नाही, पण कोणी नेमकं काय झालं ते सांगून काय बदललं ते लिहिलं असेल तर तो माणूस जागेवर लक्ष ठेवून आहे.

संशयास्पद काय दिसतं? एकाच आठवड्यात अचानक पाच स्टारांचा पूर आणि आधी-नंतर शुकशुकाट. प्रत्येकात एकाच वेटरचं नाव आणि 'खूप छान सेवा दिली' एवढंच, हे बऱ्याचदा टेबलावरच लिहून घेतलेलं असतं. लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारली की कळतं त्याने आयुष्यात एकच रिव्ह्यू लिहिलाय का, किंवा एका दिवसात तीन शहरांत जेवलाय का. लूका आणि झेर्वास ह्यांनी २०१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात येल्पवरच्या रेस्टॉरंटांच्या रिव्ह्यूंपैकी साधारण १६ टक्के साइटनेच संशयास्पद म्हणून गाळलेले होते, आणि ज्यांचे रिव्ह्यू कमी आहेत किंवा नुकतेच वाईट आलेत अशा ठिकाणी स्वतःचं खोटं कौतुक जास्त सापडलं. शेजारी तशाच प्रकारचं दुसरं रेस्टॉरंट असलं की खोटी निंदाही वाढलेली दिसली. हे लक्षात ठेवून वाचलं तर फसायची शक्यता बरीच कमी होते.

फोटो बघताना मालकाने टाकलेले सोडून गिऱ्हाइकांचे बघा, त्यातही मेन्यूचे फोटो आणि मागच्या टेबलांवर कोण बसलंय ते. वाईट उजेडात काढलेला, अर्धं खाऊन झालेल्या ताटाचा फोटो सगळ्यात खरा. रिव्ह्यूंमध्ये शब्द शोधायची सोय असते तीही वापरा, 'परत', 'नेहमी', 'रोज' असे शब्द टाकून बघा. कोणी 'आम्ही नेहमी इथेच येतो' असं लिहिलं असेल तर त्या एका ओळीला मी वीस 'अप्रतिम'पेक्षा जास्त किंमत देतो.

पायरी ५: फोन खिशात ठेवून चाला

ही पायरी मला सगळ्यात जवळची आहे आणि नवे लोक हीच टाळतात. राहत्या जागेपासून किंवा कामाच्या जागेपासून पंधरा-वीस मिनिटं चालत जाता येईल एवढा भाग ठरवा आणि तो आधी पूर्ण करा, सगळं शहर एकदम अंगावर घेऊ नका. प्रत्येक वेळी वेगळ्या गल्लीने जा आणि वेगळ्या वेळी जा, कारण दुपारी बंद दिसलेलं दार रात्री उघडं असतं आणि सकाळी सहाला गजबजलेली जागा दहाला धुऊन पुसून बंद झालेली असते, मॅपवर ह्यातलं काही नीट दिसत नाही.

कामाच्या दिवशी दुपारी बाहेर पडा. सुट्टीच्या रात्रीची गर्दी ही फिरायला आलेल्यांची गर्दी, तिच्यावरून ठरवू नका. कामाच्या दिवशी दुपारी जो माणूस जेवायला आलाय त्याच्याकडे अर्धा तास आहे, खिशाला झेपायला हवं, परत जाऊन काम करता यायला हवं आणि उद्याही इथेच यायचंय, ह्याच्याइतका कडक परीक्षक कुठल्याही साइटवर नाही. कोर्ट, मोठं हॉस्पिटल, कॉलेज, सरकारी ऑफिस, बाजार, बस स्टँड, रिपेअरिंगच्या दुकानांची गल्ली, असल्या ठिकाणांच्या मागच्या बाजूला जा. पुढच्या बाजूला नेहमी एकदाच येणाऱ्यांसाठीची हॉटेलं असतात, मागे तिथे काम करणाऱ्यांची.

दारात दोन मिनिटं उभे राहा आणि बघा. आलेला माणूस मेन्यू न बघता ऑर्डर देतोय का? वेटर त्याला विचारतोय की न विचारताच आणतोय? गल्ल्यावरचा माणूस येणाऱ्याला ओळखतोय का? एकटी माणसं निवांत बसलीयत का, एकट्या बायका जेवतायत का, म्हातारी माणसं आहेत का? टेबलावरून ताटं रिकामी परत जातायत की अर्धी? मेन्यू छोटा आहे आणि टेबलं भराभर बदलतायत म्हणजे पदार्थ पडून राहत नाहीत. उलट तीन-चार देशांचे सगळे पदार्थ मिळतील असा पुस्तकाएवढा मेन्यू आणि आत शुकशुकाट असेल तर मी पुढे जातो.

गर्दी म्हणजे स्वच्छता नव्हे हे पण सांगायला हवं. त्यासाठी वेगळं बघा, हात धुवायची जागा कशी आहे, पैसे घेणारा हात तसाच जेवणाला लागतोय का, शिजवलेलं वाफाळतं येतंय की कोमट. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवावं आणि बाहेर साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, तेव्हा कोमट ताट आलं तर गरम करून मागण्यात लाजू नका. काही शहरांत सरकारी तपासणीचा निकाल बघायला मिळतो. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून ए, बी, सी अशी अक्षरं लावतात, इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ० ते ५ आकडे असतात आणि त्यातल्या वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये ते दारावर लावणं सक्तीचं आहे, भारतात परवान्याचा १४ आकडी नंबर लावावा लागतो, पण तो नुसता परवान्याचा नंबर, तपासणीचा निकाल नव्हे. तुम्ही जिथे राहायला गेलायत तिथे काय पद्धत आहे ती पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. तपासणीचा निकाल गिऱ्हाइकांच्या स्टारपेक्षा पूर्ण वेगळा असतो, तो कोणीतरी आत स्वयंपाकघरात जाऊन दिलेला असतो.

पायरी ६: माणसांना विचारा, पण प्रश्न बदलून

'इथे चांगलं हॉटेल कुठलं?' असं विचारलं की समोरचा माणूस तुम्हाला पाहुणा समजून पाहुण्यांना सांगायचं नाव सांगतो, आणि ते नाव त्याच यादीतलं असतं. त्याऐवजी विचारा, 'तुम्ही स्वतः जेवायला कुठे जाता?' किंवा 'डबा आणला नाही त्या दिवशी काय करता?' किंवा 'रात्री उशीर झाला तर काय उघडं असतं?' असा प्रश्न आला की माणूस थांबतो, आठवतो आणि खरं सांगतो. सिक्युरिटीवाले, रिक्षा-टॅक्सी चालवणारे, किराणा दुकानदार, ऑफिसमधले सगळ्यात जुने सहकारी, केस कापणारे, ह्यांना विचारा. दोन वेगळ्या कामाच्या माणसांनी एकच नाव घेतलं, आणि ते एकमेकांना ओळखत नसतील, तर त्याच आठवड्यात जाऊन या. नाव नीट ऐकून घ्या, कारण बऱ्याच जागांना पाटीवर एक नाव असतं आणि लोक भलत्याच नावाने ओळखतात, मग मॅपवर शोधून सापडत नाही आणि आपण समजतो बंद झालं.

पायरी ७: एकदा जाऊन निकाल देऊ नका

पहिल्यांदा जाल तेव्हा थोडंच मागवा, आजूबाजूच्या टेबलांवर जे सगळ्यात जास्त दिसतंय ते. वेटरला 'काय चांगलं आहे' पेक्षा 'सगळ्यात जास्त काय जातं' असं विचारा. गर्दी सुरू व्हायच्या थोडं आधी गेलात तर बोलायला वेळही मिळतो. अ‍ॅलर्जी असेल किंवा काही वर्ज्य असेल तर रिव्ह्यूवर विसंबू नका, तोंडाने विचारा, उत्तर देणाऱ्याला नक्की माहीत नाहीये असं वाटलं तर आत विचारून यायला सांगा, तरी शंका राहिली तर तिथे ते खाऊ नका.

मग दुसऱ्यांदा जा, वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी. हा सल्ला मी ठासून देतो कारण एका दिवसाचं जेवण म्हणजे एका दिवसाचं जेवण, त्या दिवशी कदाचित अर्धे लोक सुट्टीवर असतील किंवा नेमकं सगळं जमून आलं असेल. मिशलिन गाइडचंच बघा. टायर बनवणाऱ्या कंपनीने १९०० मध्ये गाडीवाल्यांनी जास्त फिरावं म्हणून काढलेलं ते पुस्तक, हॉटेलांना स्टार द्यायला लागले १९२६ मध्ये, म्हणजे यादी काढणाऱ्याचा स्वतःचा हेतू असतो हे तेव्हापासूनच आहे. पण त्यांचे निरीक्षक ओळख न देता जातात, बिल स्वतः भरतात आणि सातत्य, म्हणजे दर वेळी तसंच मिळतं का, हा त्यांच्या निकषांपैकी एक आहे. त्यांची महागडी ठिकाणं आपल्या रोजच्या कामाची नसली तरी ही पद्धत उचलण्यासारखी आहे.

पायरी ८: तुमची यादी करा

मॅपवर स्वतःची यादी बनवता येते, नाहीतर फोनमधली साधी नोंदवही चालेल. पण त्यात स्टार देऊ नका. गरजेप्रमाणे कप्पे करा, एकट्याने पुस्तक घेऊन बसायला, घाईत, रात्री उशिरा, आजारी असताना साधं खायला, आईवडील आले तर, आठ-दहा जण असतील तर, पगाराच्या आधीच्या आठवड्यात. असे कप्पे केले की लक्षात येतं की 'सगळ्यात चांगलं हॉटेल' हा प्रश्नच अर्धवट होता, कशासाठी चांगलं हे विचारायचं राहून गेलं होतं. प्रत्येक नावापुढे दोनच ओळी, काय खाल्लं आणि परत जाईन का. कुठल्या वारी बंद असतं तेही लिहा, ह्याने फार हेलपाटे वाचतात. सुरुवातीला महिन्याला चार-पाच नवी नावं आली तरी भरपूर झालं.

रेटिंगवाली यादी कधी वापरावी? एकाच रात्रीसाठी कुठे थांबला असाल, फार उशीर झालाय आणि भाग अनोळखी आहे, मोठा ग्रुप आहे आणि आधी बुकिंग लागणार आहे, अशा वेळी बिनधास्त वापरा, तेव्हा धोका टाळणं महत्त्वाचं. फक्त जास्त रिव्ह्यू असलेलं आणि नवीन रिव्ह्यू बरे असलेलं निवडा, पहिल्या नंबरचा हट्ट धरू नका.

पायरी ९: आता तुम्हीही लिहा

इतकं फिरल्यावर तुम्ही रोजचं गिऱ्हाईक झालेले असता, म्हणजे यादीत ज्यांचा आवाज नसतो त्यातलेच. म्हणून लिहाच. दोन-तीनदा जाऊन आल्यावर लिहा आणि त्यात तुम्ही कोण ते कळू द्या, जवळ राहता, दुपारी जाता, एकटे जाता. काय खाल्लं, कुठल्या वेळी, किती थांबावं लागलं, काय जमत नाही. फुकट काही देऊन रिव्ह्यू मागितला तर नम्रपणे नाही म्हणा. काही बिघडलं असेल तर आधी गल्ल्यावर जाऊन सांगा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं. छोट्या, नव्या जागेला रागाच्या भरात एक स्टार देण्याआधी वरचं दहा रिव्ह्यूंचं गणित आठवा, तुमच्या एका टिचकीने ती जागा कित्येकांच्या फिल्टरमधून गायब होऊ शकते. आणि वर्षभराने तुमचे जुने रिव्ह्यू एकदा उघडून बघा, जागा बदलली असेल तर मजकूर बदला, बंद झाली असेल तर मॅपवर तशी नोंद करा, वेळ चुकीची असेल तर दुरुस्ती सुचवा, म्हणजे तुमच्यानंतर त्या भागात राहायला आलेला माणूस रात्री साडेनऊला बंद दारासमोर जाऊन उभा राहणार नाही.